आज कितवा दिवस? केमोच्या काळातलं घर

केमोच्या एकवीस दिवसांच्या सायकलमध्ये, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंत, हॉस्पिटलातला दिवस एकच असतो. उरलेले वीस दिवस घरात काढायचे असतात आणि त्यांच्याबद्दल डिस्चार्जच्या कागदावर चार ओळी असतात: भरपूर पाणी प्या, बाहेरचं खाऊ नका, ताप आल्यास कळवा, पुढच्या तारखेला रक्ताचा रिपोर्ट घेऊन या. चारही ओळी बरोबरच आहेत. पण घरात प्रश्न वेगळेच पडतात. काल नीट जेवल्या, मग आज ताट का सरकवलं? मळमळ थांबली, तर आता नातवंडांना बोलवायला हरकत नाही ना? दही चालेल का? संडास वेगळा हवा का?

यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर 'आज कितवा दिवस' यावर ठरतं. सासूबाईंची केमो सुरू झाली तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे एरवी दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनांत, केमोच्या तारखेपासून १, २, ३ असे आकडे टाकायला लागलो. डॉक्टर, नर्स, औषधवाला, पुण्याची नणंद, सगळ्यांशी बोलणं एकदम सोपं झालं.

इथे एकच उदाहरण धरते. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा, आणि त्यात नेहमी दिली जाणारी जोडी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. डे केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या विभागात, तिला नुसतं 'एसी' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी दर २१ दिवसांनी, असे चार डोस. तुमच्याकडे दर १४ दिवसांनी असेल, दर आठवड्याला असेल किंवा गोळ्या असतील तर तारखा बदलतील, कारणं तीच राहतील.

पेशींचा हिशेब

केमोची बहुतेक औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. गाठीतल्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आणि हाडांच्या आतली अस्थिमज्जा इथेही हेच काम रात्रंदिवस चालू असतं. केस गळणं, तोंड येणं, जुलाब, रक्तातले काउंट, म्हणजे पेशींचे आकडे, उतरणं या सगळ्या त्रासांचं मूळ एकच आहे ते असं. मळमळीचं कारण मात्र वेगळं: औषधामुळे आतड्यातून आणि रक्तातून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला इशारे जातात.

मग सगळं एकाच दिवशी का होत नाही? कारण प्रत्येक पेशीचं आयुष्य वेगळं. केमो अस्थिमज्जेतलं नवं उत्पादन थांबवते, रक्तात आधीच फिरणाऱ्या पेशी तशाच राहतात. नवा माल यायचा बंद झाला तरी दुकान दुसऱ्या दिवशी रिकामं दिसत नाही, शिल्लक संपेपर्यंत वेळ जातो, तसं. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार थोडा काळ टिकतात, म्हणून त्यांचा तुटवडा आधी जाणवतो, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ८ ते १० दिवस जगतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस, म्हणून हिमोग्लोबिन पहिल्या डोसनंतर फारसं हलत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या डोसपर्यंत जिना चढताना धाप लागायला लागते.

घराच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पहिल्या चार-पाच दिवसांत माणूस आजारी दिसतो आणि घरातले सगळे जपतात. दहाव्या दिवशी तोच माणूस उठून बसतो, भूक लागली म्हणतो, 'जरा मंडईत जाऊन येते' म्हणतो. धोका मात्र या दिवसांत जास्त असतो.

पहिले तीन-चार दिवस

घरी आल्यावर पहिल्यांदा लघवीला गेल्यावर लाल-नारिंगी रंग दिसतो. ते रक्त नसतं. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लाल आहे आणि एक-दोन दिवस तो रंग लघवीत उतरतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात हलकल्लोळ होतो. रंग दोन दिवसांनंतरही राहिला किंवा लघवीला आग होऊ लागली तर मात्र कळवायचं. सायक्लोफॉस्फमाइडचा एक घटक मूत्राशयाच्या आतल्या त्वचेला झोंबतो. 'भरपूर पाणी प्या' आणि 'लघवी धरून ठेवू नका' या सूचनांचं कारण ते. पहिल्या रात्री एकदा उठून लघवीला जाऊन आलेलं बरं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

उलटीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्यायच्या असतात. केमोची मळमळ दोन लाटांत येते: पहिली त्याच दिवशी, दुसरी चोवीस तासांनंतर, आणि ती चार-पाच दिवस रेंगाळू शकते. पहिली लाट आलीच नाही म्हणून गोळ्या बंद करणारे दुसरीत सापडतात. ओलान्झापिन दिलं असेल तर कागदावर त्याचा मानसिक आजाराशी संबंध वाचून घाबरू नका. मळमळीवर ते उत्तम चालतं. झोप येते, म्हणून रात्री देतात.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मळमळीवर गुणकारी, पण त्याचा स्वभाव वेगळा. गाल लाल होतात, भूक खवळते, झोप उडते. आई दुसऱ्या रात्री अडीच वाजता टक्क जाग्या राहून मसाल्याच्या डब्याचं झाकण घासत होत्या. आम्हाला वाटलं, किती छान पचवलंय औषध! गोळी संपली आणि चौथ्या दिवशी उशीवरून डोकं उचलवेना. ही घसरण अपेक्षितच असते. शक्यतो ही गोळी सकाळी द्यावी, दुपारनंतरची वेळ टाळता येते का ते विचारावं. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर हमखास वाढते, घरचं यंत्र काढून रोज तपासावी.

ओन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीमुळे पोट बांधलं जातं. दोन दिवस साफ झाली नाही की तिसऱ्या दिवशीची मळमळ केमोची की बद्धकोष्ठाची हे कळत नाही. पहिल्या दिवसापासूनच कोमट पाणी, भिजवलेले मनुके, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य सारक सुरू ठेवावं. इसबगोल घेतलं तर त्याबरोबर भरपूर पाणी हवंच, नाहीतर ते आणखी अडवतं. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं कुठलंही औषध विचारल्याशिवाय देऊ नये, कारण तिथली बारीक जखमही काउंट कमी असताना जंतूंना वाट देते.

आता संडासाचा प्रश्न. औषधाचा अंश लघवी, शौच, उलटी यांतून साधारण ४८ तास बाहेर पडतो, काही ठिकाणी ७२ तास सांगतात. तेवढे दिवस कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचा. भारतीय संडास असेल तर वर बादलीभर पाणी ओतायचं. उलटीचं भांडं किंवा खराब झालेली चादर उचलताना हातमोजे घालायचे आणि ते कपडे वेगळे धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. संडास एकच असेल तरी चालतो.

यापलीकडचं सगळं सोवळं-ओवळं अनाठायी आहे. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने, श्वासाने पसरत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, मुलांना 'आजीजवळ जाऊ नको' हे करायची गरज नाही, आणि ज्याच्यासाठी वेगळं ताट मांडलं जातं त्याला ते कसं लागतं हे सांगायला नकोच. मांडीवर बसायला, मिठी मारायला काहीच हरकत नसते. पतिपत्नींनी मात्र या दिवसांत कंडोम वापरावा. पूर्ण उपचारकाळात गर्भ राहू देऊ नये. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं धरून चालू नये. पुढे मूल हवं असेल तर त्याचं बोलणं पहिल्या डोसच्या आधी व्हायला हवं, नंतर उशीर होतो.

चूल आणि नाक

या दिवसांत जिभेपेक्षा नाक जास्त त्रास देतं. फोडणीचा, कढत तेलाचा, मासे तळल्याचा, कधी तर कुकरच्या वाफेचासुद्धा वास सहन होत नाही. स्वयंपाक चालू असताना त्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या खोलीत, खिडकीपाशी बसवावं. गरम जेवणाचा वास अधिक पसरतो, म्हणून कोमट किंवा गार झालेलं अन्न सोपं जातं. दहीभात, शिरा, नाचणीचं आंबील, मऊ भात आणि मेतकूट, मुगाच्या डाळीचं पातळ वरण. सकाळी उठल्याउठल्या मळमळत असेल तर अंथरुणातच मूठभर लाह्या किंवा कोरडा टोस्ट. तीन जेवणांऐवजी वाटीवाटीने सहा वेळा.

तोंडाला धातूची चव येते. स्टीलचा चमचा तोंडात घातला की ती वाढते, तेव्हा लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा आणि काचेची वाटी वापरून पाहावी. तोंड आलेलं नसेल तर लिंबू, कोकम, आल्याचा तुकडा यांनी चव जाग्यावर येते.

एक गोष्ट आम्हाला एका ज्येष्ठ नर्सने सांगितली आणि ती सोन्यासारखी ठरली: पहिल्या तीन दिवसांत आवडीचा पदार्थ करू नका. मळमळीच्या वेळी खाल्लेल्या पदार्थाशी मेंदू ती मळमळ जोडून टाकतो आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या नुसत्या नावाने पोट ढवळतं. घरात सगळ्यांना वाटतं, बिचारीने एवढं सोसलं, आज पुरणपोळी करू. पुरणपोळी तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

बाहेरून येणाऱ्या सल्ल्यांत साखर बंद करा हा सर्वांत चिवट. गाठ साखरेवर जगते, साखर तोडली की ती उपाशी मरते, असा हिशेब असतो. पण आपण साखर न खाल्ल्याने रक्तातली साखर संपत नाही, शरीर ती भातातून, भाकरीतून, शेवटी स्नायू झिजवून तयार करतं. उपचार चालू असताना वजन उतरणं ही खरी काळजीची गोष्ट. मधुमेहाची पथ्यं पाळावीत, पण चमचाभर गूळ घातलेल्या खिरीने काही बिघडत नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास या वर्षापुरते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत. प्रथिनं दर खाण्यात थोडी हवीतच: वरण, उसळ, पनीर, पूर्ण उकडलेलं अंडं, ताजा शिजवलेला मासा.

स्वच्छतेचं म्हणाल, तर 'फक्त शिजवलेलंच, कच्चं काहीही नाही' अशा कडक आहाराने संसर्ग कमी होतात का हे अनेक अभ्यासांत तपासलं गेलं. अन्न नीट धुऊन, नीट शिजवून, वेळेत खाण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. तरी आपल्याकडचं पाणी आणि रस्ते पाहता काही पथ्यं मी पाळेनच. काउंट कमी असण्याच्या दिवसांत कोशिंबीर, कच्ची चटणी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर नको. कोथिंबीर उकळत्या आमटीत टाका. फळ सोलता येणारं असावं: केळं, मोसंबी, पपई, आणि मोसम असेल तर धुऊन सोललेला हापूससुद्धा. द्राक्षं नीट धुणं कठीण. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचं पपनस काही औषधांच्या पचनात अडथळा आणतं, ते विचारून. पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, हातगाडीवरची कुल्फी बंद. देवळातलं तीर्थ आणि पंचामृत हातावर घेऊन डोळ्यांना लावावं, प्यावं दुसऱ्या कुणी. घरी उकळलेल्या दुधाचं ताजं दही बहुतेक ठिकाणी चालतं, काही डॉक्टर काउंट फार उतरले असताना तेही थांबवतात. शिळं अन्न हा मोठा शत्रू, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेली भाजी या माणसाच्या पानात वाढू नये.

फसवा आठवडा

सातव्या ते चौदाव्या दिवसात घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे डिजिटल थर्मामीटर. तो उशाशी असावा आणि त्याचा सेल चालू असावा.

एरवी आपण ताप आला की दोन दिवस बघतो, क्रोसिन घेतो, तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. इथे हा क्रम सोडून द्यायचा. न्यूट्रोफिल कमी असताना जंतूंना अडवणारं कुणी नसतं. पू धरत नाही, सूज दिसत नाही, खोकलाही कधी येत नाही, कारण पू आणि सूज याच पेशींमुळे होते. ताप ही एकच खूण उरते, आणि काही तासांत रक्तदाब ढासळू शकतो. ही तातडीची स्थिती आहे. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे.

तुमच्या हॉस्पिटलने तापाचा आकडा दिला असेल तर तो पाळा. दिला नसेल तर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा धरा. थर्मामीटर तोंडात लावा, चहा पिऊन झाल्यावर पंधरा मिनिटं थांबून. तोंड आलं असेल तर काखेत, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे ध्यानात ठेवून. पॅरासिटामॉल आधी द्यायचं नाही. ताप उतरतो, जंतू तिथेच राहतात आणि घरातल्यांना वाटतं बरं वाटतंय. उलट ताप नसताना हुडहुडी भरली, एकदम गळून गेल्यासारखं झालं, बोलण्यात गोंधळ वाटला, तरीही निघायचं.

आमच्याकडे पहिल्याच सायकलमध्ये रात्री सव्वाअकराला डे केअरच्या नंबरवर झालेलं बोलणं असं होतं:

"सिस्टर, आईंना १००.८ ताप आहे. बाकी ठीक आहेत, बोलतायत."

"कितवा दिवस?"

"अकरावा."

"क्रोसिन दिलीत?"

"नाही अजून."

"देऊ नका. फाइल घ्या आणि निघा. सकाळची वाट बघू नका."

रक्ताचा रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी १,२००, त्यात न्यूट्रोफिल २५ टक्के. १,२०० चे २५ टक्के म्हणजे ३००. हा हिशेब घरी कुणालाही करता येतो आणि करावाच. या आकड्याला एएनसी म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण १,५०० च्या वर असतो, ५०० च्या खाली गेला की धोका फार वाढतो. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा ठळक छापलेला असतो, पण बघायचा तो एएनसी.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. ऑगस्टमध्ये ताप आला की शेजारीपाजारी म्हणतात डेंग्यू असेल, मलेरिया असेल. असेलही. पण ते हॉस्पिटलात पोचल्यावर तपासतील, आधी 'केमो चालू आहे, आज अकरावा दिवस' हे वाक्य दारातच सांगायचं. आमच्या ओळखीतल्या एका घरात जवळच्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवलं होतं. डॉक्टर वाईट नव्हते, केमो चालू असल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांचं गाव केमोच्या हॉस्पिटलापासून पाच-सहा तासांवर आहे, त्यांनी हा प्रश्न पहिल्या डोसआधीच सोडवावा. जळगाव, नांदेड, गडचिरोलीकडून परळच्या टाटा मेमोरियलला येणारी माणसं डोस घेऊन परत गावी जातात. अकराव्या दिवशी रात्री ती मुंबई गाठू शकत नाहीत. तालुक्याला किंवा जिल्ह्याला रात्री रक्ताचे काउंट करणारं आणि शिरेतून अँटिबायोटिक देणारं हॉस्पिटल कोणतं, तिथे कसं पोचायचं, गाडी कुणाची, हे लिहून ठेवावं. केमोच्या डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि 'ताप आल्यास काय करावं' असं पत्र घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर लावावं. बरेच जण सायकल पुरी होईपर्यंत मुंबईतच राहतात, कुणी नातेवाइकांकडे, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी. तिथे स्वयंपाक आणि संडास दहा जणांत असतो, म्हणून साबण आणि पिण्याच्या पाण्याची स्वतःची बाटली हीच मोठी तटबंदी.

काउंट लवकर वर यावेत म्हणून पोटात किंवा दंडात एक इंजेक्शन देतात, फिलग्रास्टिम किंवा जास्त दिवस टिकणारं पेगफिलग्रास्टिम. ते केमोनंतर किमान चोवीस तासांनी घ्यायचं, त्याआधी नाही. २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. औषधाच्या दुकानातून आणताना बर्फाची पिशवी मागून घ्या. इंजेक्शननंतर कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, कारण अस्थिमज्जा कामाला लागलेली असते. त्या दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजून.

बाकी काळजी साधीच आहे. हात धुणं, पुन्हा हात धुणं. सर्दी-खोकला असलेल्याने घरात मास्क लावावा. बाल्कनीतली कबुतरांची घाण, मांजराची माती, कुंड्यांची खुरपणी, गणपतीचं कुजलेलं निर्माल्य, ही कामं दुसऱ्याने करावीत. तुळशीला पाणी घालायला हरकत नाही. प्लेटलेट कमी असतील तर अंगावर लाल-जांभळे बारीक ठिपके येतात, हिरड्यांतून रक्त येतं. असं दिसलं तर कळवावं, आणि अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आणि भेटायला येणारे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. आल्यावर चपला काढून हात न धुता थेट गादीवर, वर 'किती खराब झालीस गं!' हे वाक्य. आम्ही व्हॉट्सॅपच्या फॅमिली ग्रुपवर सरळ तारखा टाकल्या: या आठवड्यात फोन, पुढच्या आठवड्यात या. एका मावशींना राग आला. आला तर आला.

तोंड, केस, थकवा

तोंड येणं पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास सुरू होतं. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. ब्रश मऊ केसांचा. बाजारातली अल्कोहोल असलेली माउथवॉश झोंबतात, ती नकोत. तिखट, लोणचं, ठेचा या दिवसांत बाजूला. गिळताच येत नसेल, पाणीही जात नसेल तर घरगुती उपायांवर थांबू नका, हॉस्पिटलला फोन करा. दात काढणं, दातांची सफाई यांसाठी दाताच्या डॉक्टरकडे जायच्या आधी केमोच्या डॉक्टरांना विचारायचं.

केस 'एसी'मध्ये जवळजवळ सगळ्यांचे जातात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके कमी दिसतात. शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांत परत यायला लागतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे.

थकवा मात्र लोकांना कळत नाही. हा झोपेने जाणारा थकवा नाही. रात्रभर झोपून उठलेल्या माणसाला आंघोळ करून आल्यावर परत आडवं व्हावं लागतं. पूर्ण विश्रांतीने तो वाढतो आणि थोड्या चालण्याने कमी होतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गॅलरीत दहा मिनिटं, जमलं तर संध्याकाळी पुन्हा दहा. आंघोळीला स्टूल ठेवा. नावं विसरणं, गॅस चालू ठेवून बाहेर येणं हेही होतं, तेव्हा गोळ्यांसाठी आठवड्याचा कप्प्यांचा डबा हवाच.

पाला, रस आणि काढे

कुणीतरी पपईच्या पानांचा रस आणेल, कुणी गव्हांकुर, कुणी गुळवेल. प्रेमाने आणतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. कच्च्या पाल्याच्या रसातले जंतू हा पहिला धोका. दुसरा म्हणजे केमोची बरीच औषधं यकृतात पचतात, आणि यकृतावर काम करणारी दुसरी गोष्ट त्याच वेळी घेतली तर औषधाची मात्रा कमी-जास्त होऊ शकते. गुळवेल घेतलेल्या लोकांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला, वाद अजून आहे. केमोच्या काळात त्या वादाची परीक्षा आपल्या यकृतावर घेण्यात अर्थ नाही.

वनस्पतींना नावं ठेवायचं कारणच नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही केमोची दोन नामांकित औषधं मिळाली. व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही वापरतात. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून देतात. सदाफुलीची पानं चावून खाणं म्हणजे तेच विष बिनमापाने घेणं. काहीही घ्यायचं असलं तर बाटली किंवा पुडी केमोच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा.

पैसे आणि प्रवास

थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. संलग्न हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात, हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं पत्र दाखवल्यावर, रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना चढता येतं, गर्दीतला संसर्ग टाळायला त्याचा मोठा उपयोग. लोक अडवतात कधी कधी, कागद हाताशी ठेवा.

तिसरा आठवडा, आणि पुढचं औषध

पंधराव्या दिवसानंतर काउंट वर येतात आणि चवही परतते. बँकेची कामं, वाढदिवस, पुरणपोळी, माहेरी एक चक्कर, सगळं या आठवड्यात बसवा. पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, होते. एएनसी साधारण १,००० ते १,५०० आणि प्लेटलेट लाखाच्या आसपास असल्या तर बहुतेक ठिकाणी डोस देतात. नसल्या तर आठवडा पुढे ढकलतात. घरात तेव्हा अवकळा पसरते, जणू उपचार फसले. आठवडाभराचा उशीर नेहमीचा असतो. फक्त चौकोनांतले आकडे नव्या तारखेपासून टाकायचे.

'एसी'चे चार डोस झाले की बऱ्याच जणींना पॅक्लिटॅक्सेल सुरू होतं, अनेकदा दर आठवड्याला. मळमळ बरीच कमी होते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. त्याचा त्रास वेगळ्या ठिकाणी निघतो: बोटांच्या टोकांना आणि तळपायांना मुंग्या, मग बधिरपणा. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. पायातली चप्पल सुटली तरी कळत नाही. गरम कढई धरल्याचं फोड आल्यावर लक्षात येतं, म्हणून चिमटा, जाड फडकं आणि आंघोळीचं पाणी दुसऱ्याने हाताने तपासून देणं. घरात अनवाणी फिरू नये, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवावा. आपल्या बायका ही तक्रार 'एवढं काय त्यात' म्हणून सांगत नाहीत, आणि डॉक्टर 'काही त्रास?' विचारतात तेव्हा मान हलवतात. वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो, दोन डोसांतलं अंतर वाढवता येतं. उशिरा कळलं तर बधिरपणा औषध संपल्यावरही महिनोन्‌महिने राहू शकतो. म्हणून दर वेळी डॉक्टरांपुढे बसल्यावर सोबतच्या माणसानेच सांगून टाकावं: हुक लागत नाहीत, काल हातातून कप पडला.